उलट जोडी

राणीसाहेबांच्या तेराव्याला केरू येणार हे तुळसाला ठाऊक होतं. पण हा बाबा आपल्या कंपनीचा सुपरवायझर आणि त्याची बायको, दोघांना बरोबर घेऊन सड्यावर उगवेल असं काही तिला वाटलं नव्हतं. रिक्षातून आधी त्याची बायको मालन उतरली, मग माने साहेब, मग त्यांची बायको आणि सगळ्यांत शेवटी नव्याकोऱ्या सफारीतला केरू. तेराव्याच्या घरी माणूस मान खाली घालून येतो. तुळसाचा हा थोरला दीर लग्नाला आल्यासारखा आला.

"सायबांना पागा बगायची व्हती," केरू म्हणाला. "म्हटलं, आज सगळ्या गाड्या उगड्या असतात. पुन्यांदा कदी बगायला मिळतील?"

तुळसाने पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. एरवी तिला राग आला असता, पण आज रागावून परवडणारं नव्हतं. ह्याच माने साहेबांनी तिच्या नवऱ्याला लोट्याच्या कारखान्यात चिकटवून घ्यायचं कबूल केलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. पस्तिशीच्या वरचा माणूस कंपनी घेत नाही, आणि दादूला येत्या शिमग्यात पस्तीस पुरी होणार होती. केरूने वर्षभर साहेबांच्या मागे लागून ही जागा मिळवली होती, आणि दादू अजून हो म्हणत नव्हता की नाही म्हणत नव्हता. विचारलं की खरारा उचलायचा आणि घोड्यांकडे निघून जायचा.

सरकारांच्या बग्गीचा लगाम ह्या घराकडे कधीपासून होता ते कुणालाच नीट सांगता आलं नसतं. तिच्या सासऱ्यांच्या, आप्पांच्या आधी त्यांचा बाप, त्याच्या आधी त्याचा बाप. संस्थान गेलं, तनखा गेला, सरकार स्वतः गेले. उरल्या होत्या एकट्या राणीसाहेब, आणि त्यांच्या हट्टापायी उरली होती एक जोडी, तीन गाड्या आणि पागेला लागून असलेल्या आप्पांच्या दोन खोल्या. आता राणीसाहेबही गेल्या. तुळसाला त्यांचं वाईट वाटलं, नाही असं नाही; पण बातमी आली तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता तरी आपण इथून सुटू. त्या विचाराची तिला लाज वाटली होती आणि लाज वाटूनही तो गेला नव्हता.

तिची गुणवंती शाळेत मागच्या बाकावर एकटी बसायची. पोरी म्हणायच्या, हिच्या अंगाला लिदीचा वास येतो. तुळसा पोरीचे कपडे रिठ्याने धुवायची, अंगणाच्या पार टोकाला वाळत घालायची, आणि वास काही जायचा नाही. दादूला सांगितलं तर तो हसायचा. म्हणायचा, वास कसला गो, मला तर कायच येत नाय.

म्हणून चार दिवसांपूर्वी तिने धीर करून आप्पांनाच गाठलं होतं. आप्पा पाण्याच्या दगडी डोणीपाशी मैना घोडीचा खूर धूत बसले होते.

"आप्पा, ह्यांना तुमी सांगा. माजं ऐकत नायत, भावजींचं ऐकत नायत. जवर ही जोडी जुपायला हाय ना, तवर ते हितनं हलायचे नायत."

"त्याचा जीव हाय गो ह्यात."

"आनि माज्या पोरीचा? तिनं काय करायचं?"

आप्पांनी वर बघितलं नाही. धुतलेला खूर त्यांनी पुन्हा धुतला. तुळसा निघून आली. म्हातारा आपल्याला धुडकावून बसला असं ती धरून चालली होती.

पागा दाखवायला दादू पुढे झाला. एरवी चार माणसांत हा तोंड उघडायचा नाही. बाजारात भाव करायलाही तुळसालाच जावं लागे. पण पागेच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि त्याचा आवाजच बदलला. तुळसा चहाची किटली घेऊन मागे होती. तिने हे आधीही पाहिलं होतं.

"ही पडद्याची, रानीवशाची. ही टपाची, पावसातली. आनि ही," दादूने पांढरी चादर दोन्ही हातांनी हलकेच ओढली, "ही काचेची बग्गी."

माने साहेब नुसते बघत राहिले. काळ्या रोगणात त्यांचं आणि बायकोचं तोंड दिसत होतं. चाकाच्या आऱ्या शेंदरी, त्यांच्यावर केसाएवढी पिवळी रेघ. पितळी दिवे आदल्या दिवशी चिंचेने घासून काढलेले. दादूने दाराची मूठ फिरवली, आणि दार उघडता उघडता खालची घडीची पायरी आपोआप बाहेर आली.

"अगं बाई!" माने बाई म्हणाल्या. "आपसूक?"

"व्हय. रानीसायबांना कदी सांगायला लागलं नाय, पायरी सोड म्हनून."

"बसू का हो जरा?"

"आज नको, बाई," दादू नम्रपणे म्हणाला. "आज तिच्यात रानीसायेब बसनार."

माने बाई चटकन मागे सरल्या. मग सगळे घोड्यांपाशी आले. राघू आणि मैना, दोन्ही गडद तांबडी, एका उंचीची. मैनेच्या कपाळावर पांढरा ठिपका नसता तर परक्याला दोघांतला फरक कळला नसता. दादूने जिभेने टक् केलं तशी दोघांनी एकदम माना वर केल्या.

"काय जनावर आहे राव!" माने कऱ्हाडकडचे, त्यांना जनावराची नजर होती. "आमच्याकडं बैलाची अशी जोडी मिळवायला माणूस जत्रा पालथ्या घालतो. डावा कुठला ह्यातला?"

"राघू डावा, मैना उजवी. पागेतबी तशीच बांदतो. शिकवल्यापासनं कदी बदललं नाय. फकस्त आज बदलायचं."

"आज का?"

"घरातलं मानूस गेलं की समदंच उलटं ना, सायेब. भटजी जानवं उलटं घालतात, तशी आमी जोडी उलटी जुपतो. राघू उजवीकडं, मैना डावीकडं. गेलेल्याची शाल बग्गीत ठेवायची, खाडीवर जायाचं, शाल सोडायची. तितंच घोडी सोडून जागच्या जागी जुपायची आनि सुलटं परत यायाचं." तो थांबला. पुढचं बोलताना त्याने खाली बघितलं. "जाताना लगाम बापाकडं. येताना मुलाकडं. आप्पांनी त्यांच्या बापाकडनं तसाच घेतला."

"आणि समजा खाडीवर बदलायची राहिली तर?" माने बाईंनी विचारलं.

"तसं कोन करंल, बाई? उलटी जोडी पागेत आली आनि तशीच सोडली, तर त्या घरानं ती पुन्यांदा जुपायची नाय. आप्पांच्या चुलत्यानं केलं व्हतं एकदा, ताडी पिऊन; ती जोडी सरकारांना विकायला लागली. मग गेला गुहागराकडं, मीठ वाहायला. परत पागेच्या दारात आला नाय."

माने साहेबांनी मैनेच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. परत फिरताना ते केरूला बाजूला घेऊन बोलले, पण त्यांचा आवाज मुळातच खणखणीत. तुळसाला सगळं ऐकू आलं.

"केरू, अहो ह्या माणसाला तुम्ही ड्रम ढकलायला नेताय? मी शब्द दिलाय, जागा आहे. पण मनात नसताना आणू नका. चार दिवसांनी पळून आला तर वर मला तोंड दाखवायला जागा उरायची नाही."

"येईल, सायेब. येनार कसा नाय?" केरू म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

तुळसाने आशेने मालनकडे बघितलं. जाऊबाई आपल्या बाजूच्या, असा तिचा हिशेब होता. गणपतीला हीच मालन म्हणाली होती, या गो लोट्याला, दोन खोल्यांत होऊ आपण चौघं-पाचजणं. आज मालन पदराने डोळे टिपत होती.

"तुळसा, राऊ दे गो त्याला हितं," ती हळूच म्हणाली. "बगितलंस ना कसा बोलत व्हता? आमच्या ह्यांना मी लग्न झाल्यापासनं असं बोलताना ऐकलं नाय. कारखान्यात त्याचं तोंड कायमचं बंद व्हईल."

"तुमी दोन दिस ऱ्हावा ना ह्या वासात, वयनी," तुळसा म्हणाली. "मग सांगा मला."

मालनला ते लागलं. ती किटली उचलून आत गेली आणि त्यानंतर दिवसभर तुळसाशी बोलली नाही. तुळसाला वाटलं, घ्या, होतं ते एक माणूसही आपल्याच जिभेने घालवलं.

दुपारी पानं उठल्यावर कारभारी धाकट्या सरकारांचा निरोप घेऊन आले. धाकटे सरकार, म्हणजे राणीसाहेबांचे पुतणे, पुण्याचे. त्यांना घोड्यांत रस नव्हता आणि घोडी विकून नाव घालवायची हौसही नव्हती. निरोप एवढाच होता, की घोडी आहेत तोवर पागा आणि खोल्या दादूकडे. दसऱ्याला गाडी काढावी. लग्नाकार्याला कुणी मागितली तर द्यावी.

दादूचं तोंड असं उजळलं की तुळसाला ते बघवेना.

"झालं तर मग," तो म्हणाला. "दादानु, तुमच्या सायबांना सांगा, लई उपकार झाले. पन मी काय येत नाय."

केरू उठून उभा राहिला. "येत नाय? अरे, वर्सभर लोकांच्या पाया पडलाव मी तुज्यासाटी! घोडी हायत तवर म्हने. किती वर्सं रे? धा? बारा? मग काय करनार हायस? मग कोन घेनार तुला?"

"मग बगू."

"तुज्या पोरीनं पन 'मग बगू'च म्हनायचं काय?"

"तुमाला लगाम मिळाला नाय, ताच दुकतंय तुमाला," दादू म्हणाला.

असं बोलायला नको होतं. केरू थोरला, लगाम रिवाजाने त्याचा. पण सोळाव्या वर्षी तो घर सोडून मुंबईला पळाला आणि आप्पांनी त्याचं नाव लगामापुरतं टाकलं. घरात ह्यावर कुणी कधी बोलत नसे. केरू वळून आप्पांकडे गेला. आप्पा भिंतीला टेकून साजाच्या वादीला तेल चोळत होते.

"आप्पा, तुमी तरी बोला कायतरी! ह्यो तुमचा लाडका, ह्याला बुडवनार हायत काय तुमी?"

"आदी काम," आप्पा म्हणाले. "धाकले सरकार खोळंबलेत. शाल आना."

दादूने बापाकडे बघितलं. म्हातारा आपल्याच बाजूचा आहे, असं त्याने त्या बोलण्यातून घेतलं. तुळसानेही तेच घेतलं. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण सासऱ्यापुढे, परक्या माणसांपुढे कशी ओरडणार? ती गुणवंतीची वेणी घालायला बसली आणि वेणी दोनदा सोडून पुन्हा घातली.

उलटी जोडी जुपणं सोपं नव्हतं. राघू उजव्या अंगाला उभा राहीना. मैना डोळे फिरवून त्याला शोधत होती, आणि तो होता तिच्या नको त्या बाजूला. दादू दोघांच्या मध्ये उभा राहून एकदा ह्याच्या, एकदा तिच्या कानाशी लागत होता. शेवटी साज आवळला. आप्पा वर चढले. पांढरा फेटा, गळ्याशी बटणं लावलेला जुना काळा कोट. बग्गीच्या रिकाम्या गादीवर राणीसाहेबांची मोतिया रंगाची शाल घडी घालून ठेवलेली. मागून धाकट्या सरकारांची मोटार, आणि तिच्या मागून सगळी माणसं चालत.

सड्यावरून भाट्याच्या खाडीपर्यंतची उतरण आप्पांनी ब्रेकच्या पायखुट्टीला पाय लावून, घोड्यांना तोंडाने चुचकारत पार केली. दुकानातली माणसं बाहेर येऊन हात जोडत होती. मिरकरवाड्याकडून आलेल्या कोळणी टोपल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. एक म्हातारी रडली. तुळसालाही रडू आलं, पण ते राणीसाहेबांसाठी नव्हतं.

खाडीवर भरती लागली होती. भटजींनी मंत्र म्हटले, धाकट्या सरकारांनी बूट काढून शाल पाण्यात सोडली. ती थोडी फुगली, मग पाण्याने जड होऊन खाली गेली. सरकारांनी घड्याळात बघितलं, आप्पांना नमस्कार केला आणि ते मोटारीत बसून गेले. त्यांचं काम झालं होतं.

दादूने अंगातला सदरा नीट खोचला, ओंजळीत खाडीचं पाणी घेतलं, राघूच्या आणि मैनेच्या कपाळाला लावलं आणि साजाच्या बकलाला हात घातला.

"थांब," आप्पा वरून म्हणाले. "सोडू नको."

"आँ?"

"हात काड, दादू."

आणि आप्पांनी लगाम ओढला. बग्गी वाळूच्या कडेने गोल फिरली. राघूला आतून वळायची सवय नव्हती, तो अडखळला, मैनेच्या अंगावर गेला. आप्पांनी दोघांना सावरलं आणि सड्याकडे तोंड केलं. जोडी तशीच, उलटी.

कुणाला काही कळायच्या आत बग्गी रस्त्याला लागली होती.

"आप्पा!" दादू धावत सुटला. त्याने मैनेच्या तोंडावरची मोरखी धरली आणि तिच्या बरोबर धावायला लागला. "आप्पा, जोडी उलटी हाय!"

"ठावं हाय मला."

"बदलायची ऱ्हायली! थांबा, आप्पा, बदलायची ऱ्हायली!"

"ऱ्हायली नाय. मी बदलली नाय."

केरूही मागून धावत आला. "आप्पा, काय करताय ह्ये? थांबा!" सकाळपासून भावाला इथून उपटायला निघालेला केरू आता बापाला अडवायला बघत होता. आप्पांनी दोघांकडेही बघितलं नाही. चढावर मैनेच्या तोंडाला फेस आला. दादूने मोरखी सोडली असती तर तिने बग्गी नाल्यात घातली असती, आणि ते आप्पांना माहीत होतं, दादूलाही माहीत होतं. म्हणून तो मोरखी धरून, घोड्यांना समजावत, रडत, ती जोडी उलटीच्या उलटी वर घेऊन आला. दुसरा कुठला पोर असता तर त्याने हात सोडला असता. दादूला जनावर दुखवता येत नव्हतं.

पागेत आल्यावर आप्पा खाली उतरले. दादू दारात आडवा उभा राहिला.

"अजून साज उतरला नाय. अजून खाडीवर परत जाऊ. आप्पा, पाया पडतो तुमच्या."

"सर."

"माजं काय चुकलं, ताच सांगा!"

"तुजं काय चुकलं नाय." आप्पांनी राघूच्या मानेवरचा पट्टा सोडला. मग मैनेचा. बकल निघेना, तेव्हा त्यांनी ते दातांनी ओढलं. साज जमिनीवर पडला. "ही जोडी आता आपल्या घरातल्या कुनी जुपायची नाय. माज्या बापानं मला हितं बांदला, मी तुला बांदला. आता बास. चारापान्याला मी हाय. तू सोमवारी लोट्याला जा."

माने साहेब टोपी हातात घेऊन उभे होते. मालन भिंतीकडे तोंड करून रडत होती. केरू पुढे झाला आणि त्याने दादूच्या खांद्यावर हात ठेवला. दादूने तो झटकून टाकला.

"जातो," दादू म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा बाजारातल्यासारखा बारीक झाला होता. "उद्याच जातो. पन एक ऐकून ठेवा. तुमी माजे बाप नाय. तुमी गेलाव तरी मला कळवू नका. मी खांदा द्यायला यायाचा नाय."

आप्पांनी मान हलवली, जणू एखादा ठराव मान्य करावा तशी.

तुळसाला वाटलं, आत्ता सांगावं. आत्ता पुढे व्हावं आणि म्हणावं, अवो, आप्पांचा ह्यात काही दोष नाही, हे मी मागितलं होतं, डोणीपाशी उभी राहून मी मागितलं होतं. ती एक पाऊल पुढे झालीसुद्धा.

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. म्हाताऱ्याचे डोळे पाण्याने भरले होते, पण नजर स्वच्छ होती. त्यांनी मान नकारार्थी हलवली, अगदी थोडी, तिलाच दिसेल एवढी. ती बोलली असती तर दादूच्या मनातून बायकोही उतरली असती आणि मग लोटंही नाही, पागाही नाही. दोघांपैकी एकाचाच त्याने द्वेष करायचा होता आणि कुणाचा ते आप्पांनी ठरवलं होतं.

"काय गो?" दादूने विचारलं. "काय सांगायचंय?"

"काय नाय," तुळसा म्हणाली. "सामान बांदायला घेतंय."

ती खोलीत आली आणि ट्रंक ओढून उघडली. बाहेर दादू केरूला विचारत होता, सकाळची पयली यष्टी किती वाजता सुटते. गुणवंती येऊन तिच्या पाठीला बिलगली.

"आये, आजोबा पन येनार ना आपल्यासोबत?"

तुळसाने पोरीचा शाळेचा फ्रॉक उचलला, घडी घातली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवला.